चौथी पायरी

मी संगीताचं व्याकरण शिकवते. पहिल्याच तासाला सांगते, एखादा तुकडा एकेक पायरी उतरत तीनदा वाजला की चौथ्यांदा वाजवावा लागत नाही. ऐकणारा तो स्वतःच पुरा करतो. विद्यार्थी माना डोलावतात आणि परीक्षेत घोळ घालतात.

सोमवारी दुपारी साडेचारला आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर कुणीतरी शीळ घातली. प ध प म. संध्याकाळी कळलं, तिथल्या वकिलांची वाचा गेली.

"वकील गप्प?" आई म्हणाली. "आता बायकोला चार घास सुखाने खाता येतील."

मंगळवारी त्याच वेळी पाचव्यावर शीळ. म प म ग. दातांच्या डॉक्टरीणबाई मुक्या झाल्या. बुधवारी चौथ्यावर, ग म ग रे, तिथले मास्तर. तिघांचेही घसे तपासले, काही निघालं नाही. जिन्यात कुणी दिसलंही नव्हतं.

तिसऱ्यावर आम्ही दोघी.

लकव्याने आईचे हातपाय कधीच नेले. उरली ती जीभ, आणि तिच्या जोरावर ती अख्खं घर चालवते. ती जीभ मी कुणाला नेऊ देणार नव्हते. घर सोडायला आई तयार होईना. "शिट्टीला भिऊन पळायचं? लोक तोंडात शेण घालतील."

गुरुवारी चारलाच मी दारंखिडक्या लावल्या. आईच्या कानांत कापूस कोंबला, वरून शाल घट्ट गुंडाळली. जे ऐकलंच नाही, ते ती पुरं कशी करणार?

"आणि तुझ्या कानांचं काय?" तिने विचारलं.

मी हातानेच 'असू दे' म्हटलं. पहारा कुणीतरी द्यायलाच हवा होता. पियानोशी बसले. शीळ सुरू झाली की भलतेच सूर बडवायचे आणि तिची साखळी तोडायची, असं पक्कं ठरवलं होतं.

साडेचार वाजले. शीळ नाही.

चार पस्तीस. जिना गप्प.

माझी बोटं पट्ट्यांवर तयार होती.

मग कुणीतरी हलकेच गुणगुणलं. रे ग रे सा.

दाराबाहेर नाही. खोलीत.

मी वळून पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते.

माझा गळा अजून थरथरत होता.

मी धावत जाऊन तिची शाल सोडली, कापूस काढला.

"झालं का गं? मग चहा टाक," आई म्हणाली. आवाज ठणठणीत होता. मला आनंदाने रडूच आलं.

"झालं, आई," मी म्हणाले.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

"थोडा कापूस आत राहिलाय वाटतं," ती म्हणाली. "तू बोलतेयस, पण मला काही ऐकूच येत नाहीये."