दाबलंत की मी आलोच

मोबाईल ठेव रे खाली. हो, तुलाच सांगतोय. आज संध्याकाळी त्या स्ट्रेचरवरच्या म्हाताऱ्याला एक्स-रेच्या दाराशी सोडून "दोन मिनिटांत आलो, बाबा" म्हणालास आणि अँब्युलन्समध्ये येऊन गाणी ऐकत बसलास. मी पाहिलं. दार करकरलं की म्हातारा मान वळवायचा, तूच आलास असं वाटायचं त्याला. तेव्हा मी बोललो नाही, चारचौघांत कुणाची अब्रू काढायची मला सवय नाही. आता आपण ड्रायव्हर-ड्रायव्हरच आहोत, तर ऐक.

दिवा राहू दे बंद, बॅटरी उतरते. आणि ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे, अर्ध्याला तर मी स्वतः हजर होतो. खोटं वाटलं तर वाटू दे, मला कुठं त्याचं बक्षीस मिळायचंय.

जानेवारीतला दुसरा मंगळवार होता. रात्रीचे पावणेअकरा. ड्युटी संपवून मी अँब्युलन्स घेऊन घरी निघालो होतो. आमच्या हिनं सकाळीच बजावलं होतं, "बहिणीचं मिक्सरचं भांडं देऊन या. ती बोलणार नाही, पण मनात ठेवेल." म्हणून भांडं शेजारच्या सीटवर ठेवलेलं आणि मी साडूच्या गल्लीत वळलो. भांडं द्यायचं आणि घरी जाऊन झोपायचं, एवढंच काम होतं.

साडू घरी नसणार हे ठाऊक होतं. तो एमआरआयचा टेक्निशियन, त्या आठवड्यात रात्रपाळी. तू पेशंट आत नेऊन सोडतोस, पुढचं बघत नाहीस, म्हणून सांगतो. पेशंटला त्या बोगद्यात सरकवतात. मशीन धाडधाड वाजत राहतं, हलायचं नाही, अर्धा-पाऊण तास. माणूस घाबरतो. म्हणून त्याच्या हातात एक रबरी चेंडू देतात, नळी लावलेला. दाबला की बाहेर टेक्निशियनच्या टेबलावर घंटा वाजते.

आता माणसं काय, नाक खाजलं तरी दाबतात. मग तपासणी थांबते, पुन्हा पहिल्यापासून, बाहेर रांग. आमचा साडू पडला घाईचा. त्यानं काय करावं? घंटेच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि वरून चिकटपट्टी मारली. मला एकदा हसत हसत दाखवलंही. मी म्हटलं, "बाबा रे, हे बरं नाही." तर म्हणाला, "तुम्ही गाडी चालवा, भाऊ." चेंडू मात्र तो प्रत्येकाच्या हातात द्यायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "काही वाटलं तर दाबा. दाबलंत की मी आलोच."

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक म्हातारी आली होती त्याच्याकडे. सुईण होती. सरकारी दवाखान्यात जन्म गेलेला, सगळे सिस्टरबाई म्हणायचे. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. साडूची पोरगीसुद्धा. ती जन्मली तेव्हा रडलीच नव्हती, निळी पडली होती. सिस्टरबाईंनी तिच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, मारतच राहिल्या, तेव्हा कुठं पोरीनं टाहो फोडला. मेव्हणी अजून सांगते ते. पण साडूनं तिला तेव्हा ओळखलं नाही, कोण होती ते नंतर कळलं. रोजचे दहा-बारा चेहरे, कुणाकुणाला ओळखणार.

म्हातारी त्याला म्हणाली, "बाळा, मी आयुष्यभर बायकांच्या पायाशी बसले. एकीलाही एकटी सोडली नाही. मला बंद जागेची भीती वाटते. तू बसशील का पायाशी?"

साडू म्हणाला, "मी काचेपलीकडेच आहे, आजी. दाबलंत की मी आलोच."

मशीन चालू केलं आणि हा पोर्चमध्ये फोनवर बोलत उभा राहिला. आत म्हातारीला उलटी झाली. उताणी पडलेली, डोकं अडकवलेलं. उलटी श्वासात गेली... ती चेंडू दाबत राहिली असणार.

हा परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. सगळे म्हणाले, वय होतं, हृदय बंद पडलं. कापसाचं आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. फक्त एक झालं. तिची मूठ उघडेना. चार नखं रबरात रुतली होती. डॉक्टरांनी ओढून पाहिलं, तिला न्यायला आलेल्या भाच्यानं ओढून पाहिलं. शेवटी साडूनं कात्रीनं नळी कापली आणि घरच्यांनी म्हातारीला चेंडूसकट नेलं. चेंडूसकटच तिला अग्नी दिला. मशीनला नवा चेंडू आला. कापूस तसाच राहिला.

आता ऐक त्या रात्रीचं.

मी बेल वाजवली. मेव्हणीनं दार उघडलं आणि माझ्या हातातल्या भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. "भावोजी, बरं झालं आलात. ढब्बूचे पाय हलत नाहीत."

ढब्बू म्हणजे तीच पोरगी. नऊ वर्षांची, अंगानं काडी, म्हणून लाडानं ढब्बू. चार दिवस ताप होता. संध्याकाळी पाय जड झाले म्हणाली, आणि आता पलंगावरून उतरता येईना. मी उचललं तर पाय नुसते लोंबत होते. तशीच अँब्युलन्समध्ये घातली, मेव्हणीला मागं बसवलं.

साडूच्याच दवाखान्यात डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचून पाहिली. पोरीला कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "मणक्यात सूज असणार. आत्ताच्या आत्ता एमआरआय करा. उशीर झाला तर पाय कायमचे जातील. सूज वर चढली तर श्वासही." मेव्हणी भिंतीला धरून खाली बसली.

तर अशी आली बापाच्या हाताखाली त्याचीच पोरगी.

साडूनं तिला स्वतः मशीनवर ठेवलं. कानात बोळे घातले, हातात चेंडू दिला. पोरगी म्हणाली, "बाबा, तू जाऊ नको ना."

त्यानं तोंड उघडलं. रोजचं वाक्य होतं रे, दिवसातून दहा-बारा वेळा म्हटलेलं. पण निघेना. नुसता तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बाहेर आला. बाहेर आल्याबरोबर घंटेवरची चिकटपट्टी नखांनी ओरबाडली, कापूस उपसून फेकला. मी बघत होतो.

मशीन सुरू झालं. धाड, धाड, धाड. काचेतून फक्त तिचे पाय दिसत होते, चादरीबाहेर आलेले दोन तळवे. मेव्हणी बाहेर बाकावर. आत आम्ही दोघंच.

पाच-सात मिनिटं गेली असतील. घंटा वाजली.

साडूनं मशीन थांबवलं, माईकवर विचारलं, "काय झालं, बाळा?"

"काही नाही."

"मग दाबलंस कशाला?"

"मी नाही दाबलं, बाबा. माझा चेंडू पडला."

काचेतून दिसत होतं. चेंडू नळीला लोंबत होता, टेबलाच्या कडेला. कुणाचा हात नव्हता त्याला.

मी म्हटलं, "वायर ढिली असेल." साडूनं मान हलवली आणि पुन्हा सुरू केलं. आता एकदा लावलं की मशीन आपलं आपण पुढं जातं.

पुन्हा घंटा. लांब. कुणीतरी दाबूनच धरल्यासारखी.

लोंबणारा चेंडू हलतही नव्हता.

साडूचा रंग उतरला. मशीनचा एक आवाज थांबला की दुसरा सुरू होण्याआधी जरा शांतता असते. त्या शांततेत माईकमधून पोरीचं बोलणं ऐकू आलं. हळू बोलत होती. आपण अंथरुणात आजीशी बोलतो तशी.

"हो... नऊ... नाही, बाबा बाहेर आहे."

साडू माईकवर वाकला. "ढब्बू, कुणाशी बोलतेस?"

"आजीशी."

"कुठल्या?"

"ही. पायाशी बसलीय ती."

मी काचेतून पाहिलं. पाय होते. चादर होती. पायाशी कुणी नव्हतं.

"ती तळव्यावर टिचक्या मारतेय, बाबा. मला कळतंय."

टाचणी कळली नव्हती त्या पोरीला. मी साडूकडे पाहिलं. तो काचेकडे बघत होता.

धाडधाड सुरू झाली. थांबली.

"आजी म्हणते, तू जातोस."

साडूनं माईक जवळ ओढला.

"म्हणते, तू सांगतोस येतो म्हणून, आणि येत नाहीस."

"ढब्बू, तिच्याशी बोलू नको."

"ती म्हणते, माझ्याबरोबर चल. पाय चालतील." पोरीचा आवाज झोपाळू होत चालला होता. "जाऊ का, बाबा?"

घंटा वाजायला लागली. थांबेचना.

साडूनं खिशातल्या किल्ल्या, मोबाईल, कमरेचा पट्टा, सगळं माझ्या पायाशी टाकलं. लोखंड घेऊन आत जाता येत नाही, ओढून घेतं मशीन. तेवढं भान होतं त्याला. दार ढकललं आणि आत गेला. कानात काही न घालता, त्या आवाजात. तिच्या पायाशी गुडघे टेकून बसला आणि दोन्ही तळवे धरले.

माईक चालू होता. मला त्याचं ऐकू आलं.

"सिस्टरबाई. मी आलो... उशीर झाला. माझं चुकलं, मी खोटं बोललो तुमच्याशी. घंटा मीच बंद केली होती. पण हिला नेऊ नका. तुम्हीच जन्माला घातलीय तिला. मी बसतो इथं. आता कुठं जात नाही."

घंटा थांबली.

मग फक्त मशीन. अर्धा तास असेल. तो हलला नाही. मी काचेला नाक लावून उभा होतो, बसायची हिंमत नव्हती. नंतर त्यानं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही. म्हणाला, "भाऊ, मी पोरीचे पाय धरले. पण माझ्या हाताखाली आधीच कुणाचा तरी हात होता. गार. कातडी सैल. काढलाच नाही तिनं. मीही नाही काढला."

पोरगी वाचली. सूजच होती, वेळेत सापडली, औषध लागू पडलं. उन्हाळ्यापर्यंत चालायला लागली. डावा पाय जरा ओढते, पण पळते, माझ्या गाडीच्या मागं पळते.

साडू आता तिथंच आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कानानं पार गेलाय. जाणारच, प्रत्येक पेशंटच्या पायाशी आत बसतो. कानात बोळे घाल म्हटलं तर म्हणतो, "मग हाक ऐकू यायची नाही." खोटं एक सांगत नाही. "पाऊण तास लागेल, आवाज मोठा येईल, भीती वाटेल. मी तुमचे पाय धरून बसलोय." लोक लांबून लांबून त्याच्याकडेच येतात.

थांब, अजून संपलं नाही.

सांगायचं राहिलं ते सांगतो आणि झोपतो. त्या रात्री मशीन थांबलं तेव्हा मीही आत गेलो होतो, तिला उचलायला. टेबल बाहेर आलं. पोरगी गाढ झोपली होती, श्वास बरा चालला होता. नवा चेंडू कडेला नळीला लोंबतच होता. साडूनं तो उचलून खुंटीला अडकवला.

मग मला दिसलं, पोरीची उजवी मूठ आवळलेली.

"काय धरलंय बघ रे," मी म्हटलं.

साडू बघेना. मीच उघडली. सहज उघडली, झोपेतल्या पोराची उघडते तशी.

आत रबरी चेंडू होता. नळीचं टोक कात्रीनं कापलेलं. आणि रबरात चार नखांच्या खुणा...

मी हातात घेतला तो. ऊन होता. नुकताच कुणीतरी सोडल्यासारखा.