लपवलेला कॉलम

लालबागच्या त्या अभ्यासिकेत बोलायला बंदी होती, शिंकायला नव्हती. एप्रिल महिना. शेजारच्या गल्लीत वर्षाचा मसाला कुटायला मिरच्यांची पोती आली होती. खिडकीतून ठसका आत शिरायचा आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलेली पोरं एकामागून एक शिंकायची. त्याची गुणाजीकाकांना सवय होती. त्या शनिवारी मात्र त्यांच्या कानाला वेगळंच काही खुपलं. टक्... टक्... टक्.

गुणाजीकाका म्हणजे गिरणीच्या खडखडाटात तरुणपण घालवलेला माणूस. आता अभ्यासिकेची किल्ली सांभाळायचे आणि तिथली शांतता जिवापाड जपायचे. ते सुचित्राच्या टेबलापाशी येऊन कुजबुजले, "गे चेडवा, ही टकटक बंद कर. हय पोरां अभ्यास करतत."

सुचित्राने कॅल्क्युलेटर पर्समध्ये टाकला. समोर लॅपटॉपवर एक्सेल उघडं होतं, आणि ती कॅल्क्युलेटरवर बेरीज करून आकडा एक्सेलमध्ये भरत होती. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा ओठ दाबून हसला. तिने रागाने पाहिलं, तसा त्याने हातानेच विचारलं, 'लिहू का?' आणि एका रिकाम्या कॉलममध्ये टाइप केलं :

'याला बेरीज येते. बिचाऱ्याला काम द्या.'

तिने खालच्या चौकटीत लिहिलं, 'आणि तुम्हाला दुसऱ्याच्या पानात डोकावता येतं. काम नाही वाटतं?'

'आहे. परळच्या हॉस्पिटलात, रेकॉर्ड खात्यात. आज सुट्टी. मी स्वप्नील.'

तिने नाव वाचून न वाचल्यासारखं केलं. पण त्याने दाखवलेली दोन बटणं दाबली, आणि अर्ध्या तासाची बेरीज पापणी लवायच्या आत पुढ्यात आली. मग मात्र तिला राहवेना. तिने लिहिलं, 'अजून काय काय येतं याला?'

सुचित्राची गरज खरी होती. लोअर परळच्या एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ती पाच वर्षं तक्रारींचे फोन घेत होती. गिरगावच्या आजोबांची लिफ्ट अडकली, माटुंग्याच्या बाईंचं दार लागेना, सगळं तिच्या कानावर यायचं. आता तक्रारींसाठी ॲप येणार होतं आणि जूनपासून फोनचं टेबलच बंद. नियोजन विभागात एकच जागा होती. तिथल्या मृणालिनी मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "वर्षभराच्या तक्रारींचं एक्सेल स्वतः करून आण. काम दिसलं तर जागा. नाही तर मी काही करू शकत नाही." हातात चार शनिवार होते.

ते चार शनिवार दोघं शेजारी बसले. बोलणं सगळं त्या एका कॉलममध्ये. तो तेरावा, एम अक्षराचा.

'एकच इमारत तीनदा का येतेय?' तिने दुसऱ्या शनिवारी विचारलं.

'तूच शोध. मी सांगणार नाही.' तोवर तुम्हीचं तू कधी झालं, कोणालाच कळलं नव्हतं.

'मास्तर, एवढा भाव खाऊ नका.'

'मी करून दिलं तर ते माझं होईल. मला लिफ्टमधलं काय कळतं? मी जिन्याने जातो.'

सुचित्राला हसू आवरेना. नेमका तेव्हाच मिरचीचा ठसका आला म्हणून बरं, हसण्याची शिंक करता आली. स्वप्नीलने आपला रुमाल तिच्याकडे सरकवला. इस्त्रीचा होता. तिने तो परत करताना घडी जरा जास्तच वेळ घातली...

उत्तर तिला तिसऱ्या शनिवारी सापडलं. फोन करणारा प्रत्येक जण इमारतीचं नाव आपल्या पद्धतीने सांगतो. कोणी नुसतं 'लक्ष्मी निवास' म्हणतं, कोणी पुढे 'बिल्डिंग' जोडतं, कोणी 'बेकरीवाली' म्हणतं. पाच वर्षं हे आवाज ऐकलेल्या सुचित्रानेच ही सगळी एकच इमारत आहे हे ओळखावं. तिने प्रत्येक लिफ्टला एक नंबर दिला, सगळ्या तक्रारी त्या नंबराखाली आणल्या, आणि कोणती लिफ्ट वारंवार बिघडते ते एका नजरेत दिसू लागलं. स्वप्नीलने नुसतं लिहिलं, 'वा.' तो एक शब्द तिने रात्रभर मनात घोळवला.

शेवटच्या शनिवारी आईचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली. परत आली तेव्हा स्वप्नील निघून गेला होता आणि काका दिवे मालवत होते. कॉलम पुसायला हवा होता, पण तिचं मन होईना. तिने तो लपवून टाकला. लपला म्हणजे कुणाला दिसत नाही, असं तिला वाटलं. खाली स्क्रोल करून पाहायलाही वेळ नव्हता. जिन्यातूनच तिने फाईल मॅडमना पाठवून दिली.

सोमवारी मृणालिनी मॅडमनी ती भिंतीवरच्या पडद्यावर लावली. बराच वेळ पाहिली.

"काम चांगलं आहे, सुचित्रा. म्हणूनच विचारते. कोणी करून दिलं? मागच्या वेळी एकाने भाच्याकडून करून आणलं होतं."

"मीच केलंय, मॅडम."

"एलनंतर एकदम एन. एम कुठे गेला?" आणि त्यांनी दोनदा क्लिक केलं.

भिंतभर तिचा आणि स्वप्नीलचा महिना उघडा पडला होता. मॅडम चष्मा सारून वाचत गेल्या. 'तूच शोध.' 'मी सांगणार नाही.' 'परत चुकलं, पण जवळ आलीस.'

"हं," मॅडम म्हणाल्या. "याने तर तुला एकही उत्तर दिलेलं नाही. बराच खडूस दिसतोय."

"खडूस नाहीये तो," सुचित्रा पटकन म्हणाली आणि जीभ चावली.

मॅडम खाली, अगदी तळापर्यंत गेल्या. तिथे सुचित्राने कधीच न वाचलेली ओळ होती :

'सोमवारी तू पास होशील. मग तुला इथे यायचं कारण उरणार नाही. मला मात्र तू हवी आहेस. शेजारच्या खुर्चीत... आणि पुढेही.'

मॅडमनी हळूच फाईल बंद केली. "एक तारखेपासून नियोजनात बस. आणि त्या शेवटच्या ओळीचं उत्तर काही मी तपासणार नाही."

संध्याकाळी सुचित्रा परळला हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभी राहिली. स्वप्नील बाहेर आला तो थबकलाच. मोठ्याने बोलायची दोघांनाही सवय नव्हती.

"झालं?" त्याने विचारलं.

"जागा मिळाली. आणि तुझी ओळ वाचली. मॅडमसोबत. भिंतीवर."

"अरे देवा... काय म्हणाल्या?"

"खडूस म्हणाल्या."

"आणि तू?"

"मलाही तू हवा आहेस. पण नियोजनाला शनिवारची सुट्टी नसते, आधीच सांगते."

"रविवार?"

"रविवारी चालेल. सकाळी सातला, शिवाजी पार्कला."

"सातला? अगं, मी रविवारी दहाशिवाय उठत नाही!"

"मास्तर," सुचित्रा म्हणाली, "शिकाल हळूहळू. मी करून देणार नाही."

दोघं हसत चालायला लागले, सगळा रस्ता ऐकेल इतक्या मोठ्याने.