मागच्या खोलीची हवा

ही गोष्ट खरी आहे.

आमच्या घराण्यात भुतं मानायची सोय नाही. आजोबांनी छप्पन साली देवांना रजा दिली, तेव्हा त्यांच्यासोबत भुतंही गेली. त्यामुळे माझा मामेभाऊ देवमन हे सगळं सांगू लागला, तेव्हा मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. अमावास्या, वटवाघूळ वगैरे हवं असणाऱ्यांची थोडी गैरसोय होईल. अकोला, गेल्या वर्षीचा मे महिना, भर दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अशा उन्हात भूतही घराबाहेर पडत नाही, अशी आमची समजूत होती.

बाहेर पडलं नाहीच ते.

देवमन अमरावतीचा. खानावळी, मंगल कार्यालयं यांच्या स्वयंपाकघरांत धूर ओढणाऱ्या चिमण्या आणि हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बसवतो. त्याला अकोल्याहून फोन आला प्रणाली नावाच्या बाईचा. माहेर अकोटचं, नवरा पुण्यात नोकरीला, घरी ती आणि तिचे सासरे भगवंतराव. घरच्या घरी स्वयंपाक करून ती होस्टेलच्या मुलांना डबे पुरवायची.

तक्रार साधी होती. चिमणी चालू केली की मागच्या खोलीचं दार वाजतं.

देवमननं घर पाहिलं आणि त्याला पाच मिनिटांत उलगडा झाला. नवऱ्यानं हौसेनं हॉटेलात लावतात तसली दणकट चिमणी पाठवली होती. मग स्वयंपाकघरात एसी आला. मग एसीची गार हवा जाऊ नये म्हणून खिडक्या, झरोके, फटी सगळं लिंपून घेतलं. म्हणजे एका यंत्रानं हवा बाहेर फेकायची आणि दुसऱ्यासाठी हवेला आत यायला बंदी. आमच्याकडे बरीच सरकारी खाती याच पद्धतीनं चालतात. पण हवा खात्यासारखी गप्प बसत नाही. जेवढी बाहेर गेली तेवढी ती मोरीतून, फटीतून, दाराखालून परत यायला बघते. त्या ओढीनं दारं चौकटीत घट्ट रुततात, थरथरतात, वाजतात.

उपाय एकच. भिंतीला भोक पाडायचं, डक्ट टाकायचा, त्यात पंखा आणि जाळी बसवायची. चिमणी जेवढी हवा ओढेल, तेवढी या वाटेनं आत सोडायची.

प्रणालीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे ते नुसती हवाच असते?"

"नुसती हवा, ताई."

थोड्या वेळानं चहा देताना तिनं हेच पुन्हा विचारलं.

देवमनला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही...

भोक कुठे पाडायचं, यावर मात्र भगवंतराव आडवे आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे अडवणं हा त्यांचा विषय. म्हणाले, "बाहेरची हवा? मे महिन्यात? बाबू, एसीच्या घरात झळ सोडून राहिला काय तू?"

मुद्दा बिनतोड होता. तोडही त्यांनीच काढली. मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर होताच. तो चालू करायचा, खोलीत गार हवा भरायची आणि तिथून डक्टनं स्वयंपाकघरात घ्यायची. वऱ्हाडात कूलर घातल्याशिवाय कुठलीही कल्पना पूर्ण होत नाही. देवमनलाही पटलं. खोली तशीही बंदच असायची.

ती पार्बताबाईंची खोली. भगवंतरावांच्या बायकोची. त्यांना दमा होता. आदल्या उन्हाळ्यात त्या याच खोलीत गेल्या.

दुपारी. डब्यांच्या वेळी.

"त्या खोलीतली हवा नोका घेऊ, मामाजी," प्रणाली म्हणाली. सासऱ्यांनी विचारलं की आता त्या खोलीत आहे तरी काय. त्या स्वयंपाकघरात उभं राहणारी ती एकटीच, त्यामुळे तिचं मत मोजायची पद्धत नव्हती.

देवमन खोलीत शिरला. खाट. खाटेखाली चपला. वाफ घ्यायचं मशीन, त्याची नळी गुंडाळून ठेवलेली. निलगिरीच्या तेलाचा वास... वर्ष झालं तरी तसाच.

त्यानं माप घ्यायला दार आतून नुसतं लोटलं. तेवढ्यात प्रणालीनं फोडणीसाठी चिमणी चालू केली.

दार थरथरलं आणि चौकटीत रुतलं.

त्यानं कडी धरून ओढलं. दार खोलीच्या आत उघडणारं होतं. उघडेना. देवमन पत्र्याच्या शिटा एकटा उचलणारा माणूस. त्याला भिंतीला पाय लावून दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

आणि तेव्हा त्याला दिसलं...

कडीच्या खाली दाराचा रंग गेला होता. ओरबाडून. बसलेल्या माणसाचा हात पोचेल, तिथपर्यंत.

दार उघडलं तर समोर प्रणाली उभी. हातात झारा. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"त्या दिवशीही चिमणी चालू होती," ती म्हणाली. "मले वाटलं दारच वाजून राहिलं, भाऊ."

देवमननं ओरबाडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"रोजच वाजे ते. म्हून नाई उठली. आता त्या नाईत, तरी वाजते. हवाच आहे ना?"

हे तिनं मामाजींना सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही. डक्ट बसवायला आलेल्या परक्या माणसाला सांगितलं, कारण ते खोटं ठरवणं त्याच्या कामात बसत होतं.

"हवाच आहे, ताई," तो म्हणाला.

काम झालं. चाचणीसाठी देवमन पिशवीत अगरबत्ती ठेवतो. पूजेसाठी नाही, धूर कुठे जातो ते बघायला. कूलर चालू केला, डक्टचा पंखा चालू केला, चिमणी चालू केली. अगरबत्ती जाळीसमोर धरली. धूर झरकन जाळीपासून दूर वळला आणि चिमणीत गेला. मागचं दार गप्प. देवमननं ते एका बोटानं उघडून दाखवलं.

प्रणाली ओट्याला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. खूप वेळ. देवमनला वाटलं, चला, सुटली बाई.

शेवटची चाचणी सगळं बंद करून करायची असते. तेव्हा धूर सरळ वर गेला पाहिजे.

त्यानं चिमणी बंद केली. पंखा बंद केला. कूलर बंद केला. घर एकदम शांत झालं.

धूर सरळ वर गेला.

मग वाकला...

जाळीकडे. आत ओढला गेला. लांब, अडखळत, जोर लावून ओढल्यासारखा. थांबला. मग तसाच हळूहळू बाहेर आला, आणि त्याच्यासोबत निलगिरीचा वास.

पुन्हा आत.

देवमननं जाळीतून पाहिलं. पंख्याची पाती जागच्या जागी होती.

बाहेरच्या खोलीत भगवंतराव बशीतून चहा पीत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "कूलर बंद केला ना रे? मंग खोलीत कोन खोकलून राहिलं?"

भगवंतरावांनी बशी खाली ठेवली आणि ते तडक बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. त्या उन्हात. अनवाणी.

देवमन म्हणाला, भोक आत्ताच बुजवून टाकतो. सिमेंट आहे सोबत.

प्रणालीनं जाळीवर हात ठेवला. तळहात धुराबरोबर आत ओढला जात होता, तरी काढला नाही.

"नोका बुजवू."

"काहून?"

"इतके दिवस श्वास कुठून घेत असतीन त्या?"

दिवाळीच्या आधी देवमन जाळीमागचं फिल्टरचं कापड बदलायला गेला. त्या कापडावर खोलीच्या बाजूनं धूळ बसायला हवी होती. ती बाजू स्वच्छ होती. मिरचीचा खकाणा, तेलाचा चिकटा, सगळं स्वयंपाकघराच्या बाजूनं बसलेलं. म्हणजे एवढे महिने हवा उलटी जात होती. खोलीत.

आणि खोलीच्या बाजूला, मधोमध, एक डाग होता. ओला. तोंडाला रुमाल धरून ठेवावा, तेवढाच.

हात लावला तर कोमट.

स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. एसी काढून टाकलेला. प्रणालीचे डोळे लाल, गाल आत गेलेले. चिमणी का लावत नाही, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, "ते लावली का त्याइले कमी पडते." एवढं बोलून ती थांबली. ओटा धरला. श्वास घेतला. डॉक्टरांनी दमा सांगितला आहे म्हणाली, जशी एखादी बाई हप्ता फेडल्याची पावती दाखवते तशी.

मी हे सगळं ऐकल्यावर शिकलेल्या माणसाला शोभेल अशी कारणं दिली. आर्द्रता, तापमानातला फरक, वाऱ्याची दिशा. देवमननं मान डोलावली. त्याला ही कारणं माझ्याआधीच माहीत होती.

तो त्या घरी पुन्हा गेला नाही. प्रणालीचा फोन मात्र अधूनमधून येतो. बोलायचं असं काही नसतं. डबे चालू आहेत, मामाजी आता अंगणातच झोपतात, एवढंच. मग ती दम घ्यायला थांबते.

परवा तो माझ्याकडे बसला असताना तिचा फोन आला. ती थांबली तेव्हा त्यानं फोन माझ्या कानाला लावला.

एक श्वास आत गेला. तो पुरता सोडायच्या आधीच... दुसरा सुरू झाला. पहिला तरुण बाईचा होता.

मी फोन परत दिला. रेंजला दोष देता येत नाही. आवाज अगदी स्वच्छ येत होता.