काखेतली कडी

खरं सांगू? कंटाळा आलाय मला या लोखंडाचा. धारच्या सिलेखान्यात, हत्यारांच्या कोठीत, चाळीस वर्षं हेच. दसरा जवळ आला की हे कड्याकड्यांचं चिलखत वाळू-कोंड्याच्या पोत्यात घालायचं, हलवून हलवून गंज काढायचा, मग तेल. मांडूच्या सुलतानी फौजेतल्या कुण्या स्वाराचं हे. पुढे आमच्या शिलेदारांनी तेच अंगावर चढवलं. बंदुकीच्या गोळीपुढे टिकाव लागेना, तसं खुंटीला गेलं. आता शिपाई खाकी घालतात. हे निघतं फक्त मिरवणुकीत.

डाव्या काखेत एक कडी उघडी ठेवायची, ही आमची चाल. वडील सांगायचे, "विठोबा, हे घालून जो मेला, त्याला येण्याजाण्याची वाट असू दे."

त्या वर्षी नवे अंमलदार आले, शालिग्रामपंत. काखेत बोट घालून म्हणाले, "हे भोक कसलं? बुजवा."

वाद घालायचं त्राण नव्हतं हो. ठोकून बुजवलं.

चिलखत घालायचा मान माझ्या फत्तेसिंगाला मिळाला. एकुलता एक पोर माझा. सीमोल्लंघनाहून परतला तो घोड्यावरून उतरेचना. चौघांनी उतरवला. अंग थंडगार, आणि चिलखताचं वजन दुप्पट.

"तात्या… आत कुणीतरी आहे… माझ्या आधीपासून…"

पकडीनं कशीबशी कडी उघडली. भस्सकन वास आला, ओल्या राखेचा, शिळ्या घामाचा. काहीतरी माझ्या मनगटाला घासून गेलं. चिलखत हलकं झालं. पोरानं डोळे उघडले. देवा, रडलो मी तिथंच!

घरी रुक्मिणीनं, त्याच्या आईनं, पान वाढलं. पोटभर जेवला. हात धुताना हळूच विचारलं, "किल्ल्याचे दरवाजे… अजून बंदच का?"

"चावट कुठला!" रुक्मिणी हसली.

सहा वर्षं झाली त्याला. पोरगा कामसू आहे, आईला जपतो. निजतो मात्र बसून, भिंतीला पाठ लावून. आणि मला एकदाही तात्या म्हणालेला नाही.

दर दसऱ्याला मी पोतं हलवतो. पहिल्या वर्षी वाटलं, कड्या खुळखुळतायत. पण पोतं खाली ठेवलं तरी आवाज येतोच आतून, अगदी बारीक…

"तात्या…"

कडी उघडीच ठेवलीय हो मी. रोज चाचपून बघतो.

तरी तो बाहेर येत नाही.