निळा पडदा आणि टिटवीचे डोळे

टॉर्च समोर धरला की टिटवीच्या भिंगामागची झडप आकसायची. म्हणजे कॅमेरा शाबूत होता. मग टिटवीला दिसत का नव्हतं?

हे कोडं एकट्या ऋजुताला पडलं होतं. घरात तिने "कॅमेरा जळाला" असं सांगून टाकलं होतं. शुद्ध थाप!

टिटवी हा मधुसूदन आजोबांचा यंत्रमानव. आजोबा लोणारच्या विवरातले दगड अभ्यासणारे शास्त्रज्ञ. त्यांची नजर अधू झाल्यापासून टिटवी पाहून वर्णन करायची आणि आजोबा दगड ओळखायचे. तिची कार्यप्रणाली (यंत्राचा सगळा कारभार सांभाळणारी मूळ आज्ञावली) जुनी झाली, तेव्हा त्यांची नात ऋजुता ऐटीत म्हणाली होती, "मी घालते मुक्तस्रोत प्रणाली!" (जिची रचना कुणालाही वाचता, बदलता येते.) अशा प्रणाली ढीगभर होत्या. जिला मदत करणारे लोक जास्त, अगदी चंद्रावरच्या वसाहतीतलेही, ती तिने निवडली. इथवर सगळं शहाणपणाचंच होतं. पण नवी प्रणाली घातली आणि टिटवीला दिसेनासं झालं.

आज टिटवीला न्यायला भंगाराची गाडी येणार होती. आजोबा मऊ फडक्याने टिटवीचं डोकं पुसत होते.

"जाय बाई. माह्यासारखे तुहेबी डोळे गेले."

ऋजुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटकाशी हॉर्न वाजला.

"आजोबा, कॅमेरा जळालेला नाही. मी खोटं बोलले."

आजोबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "टिटवी, तुले कोनी इचारलंच नाही. आता तू सांग."

"चित्र येतं, आजोबा. पण ते उलगडणाऱ्या ग्राफिक्स चिपशी (लाखो ठिपक्यांचा हिशेब एकदम करणारा भाग) मला बोलता येत नाही. त्यासाठी ड्रायव्हर लागतो (प्रणाली आणि चिप यांच्यातला दुभाषा). तो बसवलाय, पण दारातच अडवलाय."

"कोनं अडवला?"

"मी सुरू होताना आत पहारा असतो. अनोळखी आज्ञावलीला तो आत सोडत नाही, नाहीतर कुणीही घुसेल. हा ड्रायव्हर बाहेरून आणलेला. त्याची ओळख पटवा, असं निळ्या पडद्यावर आलं होतं. ऋजुताने न वाचताच पुढे ढकललं. दर वेळी."

ऋजुताचे कान तापले. "मला वाटलं, माझ्या हातून बिघडलं. विचारायची लाज वाटली. एवढी फुशारकी मारली होती ना!"

"अवं पोरी, एकाले अडलं ते तो चारचौघांत मांडते, म्हनून दुसऱ्याले उत्तर भेटते. मुक्तस्रोत चालते ते याच्यावर. मंग तू बोलली काऊन नाही?"

आजोबांनी गाडी परत पाठवली. ऋजुताने टिटवी बंद करून पुन्हा सुरू केली. निळा पडदा आला. या वेळी तिने ओळ न् ओळ वाचली, ड्रायव्हर बसवताना स्वतःच ठरवलेला पासवर्ड दिला आणि ओळख नोंदवली. टिटवी पूर्ण सुरू झाली. भिंग गर्रकन फिरलं.

"आजोबा, समोर ऋजुता आहे. ती रडतेय."

"हो का? मले दिसलंच नाही," म्हणत आजोबांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ऋजुताने मदत करणाऱ्यांच्या मंचावर आपली चूक लिहिली, थापेसकट, नावानिशी. पाठवताना तिची मान खाली गेली. तिघं विवरात उतरायला निघाली, तोच चंद्रावरच्या वसाहतीतून एका मुलीचं उत्तर आलं : "माझाही यंत्रमानव आंधळा झालाय आणि मीही घरात थाप मारलीय. आता जाऊन खरं सांगते."