चाळिसाव्या खांबापुढे

या, बसा. दाराला हात नाही ना लागला? ओलं आहे ते. तुमच्या दुकानाची पाटी ना, करून देतो, चोख करून देतो. आधी चहा घ्या. आणि मी काय सांगतोय ते ऐका. मध्ये उठू नका, एवढंच.

बंदराच्या कडेने फिरायची वाट आहे ना, तिथल्या दिव्याच्या खांबांवरचे आकडे आमच्याच घरचे. आधी दादा रंगवायचा, माझा थोरला भाऊ. आता मी. फाटकापासून शेवटच्या दगडी भिंतीपर्यंत बरोब्बर चाळीस खांब, एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला पाणी. लोक तिथे हवा खायला येतात, जहाजांचे फोटो काढतात. काढू देत बापडे. खारट वाऱ्यात रंग टिकवायचं काम आमच्या डोक्यावर असतं, त्यामुळे आम्हाला त्या हवेचं कौतुक नाही.

दादा साचा वापरायचा नाही. सगळे आकडे हाताने. त्याचा चार लांबून ओळखू यायचा, खालची गाठ अशी फुगलेली. उरलेला रंग तो खांबाच्या पाण्याकडच्या अंगाला एका तिरक्या फटकाऱ्यात पुसून टाकायचा. एकच खोड वाईट, काम करताना मान वर करायचा नाही. मी डोकं फोडून सांगायचो, "अरे, आधी मोज, मग रंगव." तर म्हणायचा, "हाताला कळतं रे, धाकट्या."

गेल्या वर्षी चाळिसाव्या खांबाशी त्याची शिडी सापडली. दादा नाही, रंगाचा डबाही नाही. लोक म्हणाले, पाण्यात गेला. वहिनीने मानलं नाही. अजून रोज दोन्ही वेळा त्याचं ताट वाढून ठेवते. "माणूस मिळाल्याशिवाय गेला कसं म्हणायचं, भाऊजी?"

गेल्या सोमवारी मी गेलो. भर दुपार, पण पाण्यावरून धुकं चढलेलं. फिरायला कुत्रं नव्हतं. एकेक करत चाळीस पुरा केला, कंबर सरळ केली आणि भिंतीकडे पाहिलं.

भिंत नव्हती. खांब होता.

त्यावर एक्केचाळीस लिहिलं होतं. चारची गाठ फुगलेली. मागे जाऊन पाहिलं तर पाण्याकडच्या अंगाला तिरका फटकारा.

आता रंगारी माणूस काय करतो? बोटाची मागची बाजू लावतो. रंग चिकट लागला, म्हणजे दोनेक तासांपूर्वीचा. रंग ओला, म्हणजे माणूस जवळच. बेचाळीस जरा जास्त चिकट. त्रेचाळीस त्याहून ओला. मी पळतच सुटलो. "दादा! ए दादा!" सत्तेचाळीसवर रंग बोटाला लागून आला. पुढच्या खांबाशी पोचलो, तर तिथला अठ्ठेचाळीस अजून ओघळत होता.

तेव्हा मला पहिल्यांदा परतीची वाट आठवली. मागे वळलो. मागच्या खांबावर सत्तेचाळीस हवा होता ना?

अठ्ठेचाळीस होता. तोही ओघळणारा.

लाटांचा आवाज थांबला होता. फक्त थिनरचा वास, दाट, नाकात बसणारा. आणि धुक्यातून हळू आवाज आला...

"धाकट्या... तूच ना?"

"दादा! कुठे आहेस?"

"येतोय... आकडे धरून उलटा येतोय. थोडेच राहिलेत. थांब हं... जाऊ नकोस."

मी थांबायला हवं होतं. सख्खा भाऊ माझा, लहानपणी मला खांद्यावर घेऊन हिंडलेला. पण मी मागे सरकलो, हात मागच्या खांबाला लागला आणि आकडा फिसकटला. सवयीने मी थिनरचं फडकं काढून पुसायला गेलो. अख्खा आकडा निघाला, आणि त्याबरोबर खांबही. त्याच्या जागी मोकळी वाट, पुढे सत्तेचाळीस.

मला कळलं, पुसत गेलो तर सुटणार.

"पुसू नकोस रे..." आवाज जवळ आला होता. "मी त्यावरूनच येतोय... धाकट्या, कितव्यावर आहेस?"

सत्तेचाळीस पुसला, सेहेचाळीस पुसला. तो विचारत राहिला, "कितव्यावर आहेस?" आणि मी पुसत राहिलो. एक्केचाळीस पुसला तेव्हा समोर माझा चाळीस होता, पाठीमागे भिंत. आवाज बंद.

हे मी वहिनीला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

काल सकाळी आमच्या बाहेरच्या दारावर एक्केचाळीस होता. वहिनीने बोटाची मागची बाजू लावली. वर्षभरात तिला हसताना पाहिलं नव्हतं, ती हसली. "ह्यांच्या हातचा चार आहे, भाऊजी! आणि ओला आहे!" दुपारी स्वयंपाकघराच्या दारावर बेचाळीस. रात्री आतल्या खोलीच्या दारावर त्रेचाळीस. घराला दारं तीनच आहेत हो आमच्या.

आज सकाळी आतल्या खोलीत चौथं दार होतं. चव्वेचाळीस. मी "वहिनी, थांबा" म्हणेपर्यंत ती दादाचं वाढलेलं ताट घेऊन आत गेली.

सकाळपासून मी त्या दारासमोर बसलो होतो, तुम्ही हाक मारलीत तेव्हा उठलो. ही थिनरची बाटली. आकडा पुसला की दार जाईल, आपण सुटू. पण ती पलीकडे आहे. एकदा केलं ते पुन्हा करू? नाही हो, मेलो तरी नाही.

थांबा... ऐकलंत?

"भाऊजी... कितव्यावर आहात?"

वहिनीचाच आवाज. मागून कोणीतरी तिला हळूच सांगतंय, काय विचारायचं ते.

एक सांगा. तुम्ही बाहेरून आत आलात, तेव्हा दारावर कितीचा आकडा होता? एक्केचाळीस ना? नीट आठवा. कारण तुमच्या पाठीमागे ते दार मला इथून दिसतंय, आणि आता त्याच्या आतल्या बाजूला पंचेचाळीस आहे. ओघळतोय अजून.