झोपाळ्यासमोरचा फळा

"मधलं पद काय तुझ्या बापानं नेलं, सूनबाई?"

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. विरजण मागायला आलेल्या धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि फळ्यासमोर खडू धरून उभ्या असलेल्या सुचित्राने मुकाट्याने मान खाली घातली. कंसातल्या अ अधिक ब चा वर्ग तिने नुसताच अ वर्ग अधिक ब वर्ग लिहिला होता, आणि तोही कुणासमोर, तर अर्ध्या पुसदला गणित शिकवून निवृत्त झालेल्या दीनानाथ सरांसमोर... आपल्या सासऱ्यांसमोर, आबांसमोर!

"आठवीतलं लेकरू चुकत नाही, अन् ही दहावीची शिकवणी घेऊन राह्यली," आबा धुरपताबाईंना म्हणाले. मग हवेत बोट फिरवून त्यांनी एक चौकोनी वावर काढलं. एका कोपऱ्यात अ चा चौकोन, समोरच्या कोपऱ्यात ब चा. "अन् उरलेल्या दोन पट्ट्या? त्या पडीक ठेवायच्या काय? एकेक पट्टी म्हणजे अ गुणिले ब. दोन पट्ट्या, म्हणून दुप्पट. शिरलं का डोक्यात?"

शिरलं होतं. फक्त सुचित्राच्या नव्हे. भिंतीशी सतरंजीवर बसलेल्या तिच्या लेकीचा, अनघाचा, मघापासून अडलेला पेन सरसर चालू लागला होता.

दहावीत गणितात आपटलेली सून, ही आबांची जुनी गंमत. घरात पाहुणा आला की चहाच्या आधी ती त्याच्या पुढ्यात यायची. पण गेल्या वर्षी त्यांनी आपल्याच शिकवणीत, सगळ्या पोरांदेखत, नातीला उभं केलं. अनघाच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे रक्त माझं नाही. हे हिच्या मायचं." ते वाक्य शाळेपर्यंत गेलं. बाकावर, पाणपोईवर, सायकल स्टँडवर पोरी ते तिला ऐकवू लागल्या, आणि एका सकाळी अनघाने दप्तर उचललंच नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला घरूनच परीक्षेला बसवायचं ठरलं. शाळा सोडलेल्या पोरीला आपण शिकवणार नाही, असं आबांनी जाहीर केलं. उमरखेडच्या बँकेत असलेला घनश्याम, सुचित्राचा नवरा, रविवारी यायचा, बापासमोर ताटात डोळे घालून जेवायचा आणि सोमवारच्या पहिल्या एसटीने निघून जायचा.

मग लग्नाआधीच मिटलेलं गणिताचं पुस्तक सुचित्राने पुन्हा उघडलं. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मोबाइलवरचे धडे ऐकत, ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने समीकरणं मांडत, पुसत, पुन्हा मांडत ती शिकली. आणि शिकता शिकता तिला आणखी एक गोष्ट उमगली. आबांना माणूस रडलेला चालायचा, गणित चुकलेलं चालायचं नाही! त्यांच्या विद्वत्तेला बसायला झोपाळा लागायचा आणि समोर कुणीतरी मान खाली घालून उभं असावं लागायचं... मग ते कुणीतरी आपणच का होऊ नये?

तिने फळा मुद्दाम झोपाळ्यासमोर टांगला. अनघाचा पेन जिथे अडे, तिथेच दुसऱ्या दिवशी सुचित्राचा खडू चुके. आबा आधी तिच्या माहेराचा उद्धार करत आणि मग तीच गोष्ट इतकी लख्ख समजावून सांगत, की झाडून सगळा अंधार निघून जावा. अपमान तिच्या पदरात, गणित लेकीच्या!

पण लेकरांना काय ठाऊक? अनघाचा धाकटा भाऊ, नववीतला अभिषेक, आई पोळी वाढत असताना आजोबांच्या आवाजात विचारायचा, "मधलं पद कोणी नेलं?" तेही तिने हसून गिळलं. एकदा मात्र अनघा हळूच म्हणाली, "आई, तू नको शिकवत जाऊ. मले लाज वाटते तुही..." त्या दिवशी कांदा चिरताना सुचित्राने डोळे पुसलेच नाहीत.

परीक्षा तोंडावर आली होती. आबा एका जुन्या विद्यार्थ्याकडे सत्काराला गेले होते; हार-नारळाला ते कधी नाही म्हणत नसत. रिकाम्या झोपाळ्याखाली अनघा एका वर्गसमीकरणाशी झुंजत होती. ती स्वतःशीच पुटपुटत होती, आणि आत भाकरी थापणारी सुचित्रा भान हरपून बोलून गेली, "पाच नको, उणे पाच घे. बाजू बदलली ना त्याची. आता त्याचे उणे दोन अन् उणे तीन असे भाग पाडून पाय."

उत्तर जुळलं. अनघा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, काल हेच तुले फळ्यावर जमलं नव्हतं."

सुचित्रा भाकरी उलटत राहिली.

"तुले येते. तुले सगळं येते. मंग काहून त्याहीच्या शिव्या खाते?"

"आबांनी तुले विचारलं असतं तर तू पुन्हा घामेघूम झाली असती," सुचित्रा तव्याकडे पाहतच म्हणाली. "मले सवय आहे, बेटा."

तव्यावरची भाकरी करपली. मायलेकींपैकी कुणालाच ती उतरवायचं भान राहिलं नाही...

दुसऱ्या दिवशी आबा झोपाळ्यावर बसले, सुचित्राने खडू उचलला, चूक केली, आणि आबांनी तोंड उघडलं.

"वा रे पंडिता! हे तर तुह्या..."

"आबा, ते चूक माही आहे."

अनघा उभी राहिली होती. "आईची एकही चूक आईची नव्हती. मी जिथं अडो, तिथं आई चुके. तुम्ही मले शिकवणार नव्हते ना, म्हणून वर्षभर तुमच्याकडून शिव्या खाऊन मले शिकवत राह्यली."

झोपाळा थांबला. आबांनी फळ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. एकेक चूक त्यांना आठवत असावी. चुका ते कधी विसरत नसत. ते उठले, गुडघ्यावर हात टेकत खाली आले आणि नातीशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले.

"सांग, सुचित्रा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत नावाने पहिल्यांदाच. "पूर्ण सांग. मी मधात बोलत नाही."

तिने फळा पुसला. कंसातला अ अधिक ब लिहिला, त्याचा वर्ग मांडला. अ वर्ग लिहिला आणि हात आपसूक थांबला... टोमणा यायची ती जागा होती. तिने वाट पाहिली.

टोमणा आला नाही. तिने मधलं पद लिहिलं.